पुण्याचे खेचर ब्रह्मदेशात

एका शूर माणसाचे पहिले शौर्यपदक मी पुसून टाकले आणि त्या जागी एक खेचर उभे केले. ही गोष्ट मी चार वर्षे कोणाला सांगितली नाही. माझ्या पत्नीने ती स्वतःहून ओळखली, त्यामुळे तिच्यापाशी कबुली दिल्याचे पुण्यही माझ्या खाती नाही.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या घरात एक इंग्रज बाई राहत असत. त्यांचे वडील ब्रिटिश सैन्यातून जनरल होऊन निवृत्त झालेले. पत्नी वारल्यावर ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ब्रह्मदेशच्या लढाईत हिंदी पलटणीतला कोवळा लेफ्टनंट म्हणून त्यांची सुरुवात झाली होती. त्यांची पदके बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. तो डबा टेबलावरच असे, आणि चहाच्या वेळी मी दोनदा चुकीच्या अपेक्षेने तो उघडला होता. मला ते ‘सुभेदार’ म्हणत. त्यांना ऐकू कमी येई आणि माझा आवाज मुळातच लहान, त्यामुळे आमची मैत्री बरीचशी माझ्या मान हलवण्यावर उभी होती.

२००३ साली नातवंडांसाठी आपल्या आठवणी नोंदवाव्यात, असे त्यांनी मनावर घेतले. लेकीने त्या सात कॅसेटींवर उतरवून घेतल्या, आणि त्या ऐकून टाइप करण्याचे काम मी मोठ्या हौसेने मागून घेतले. शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मी कानात वॉकमन लावून ऐकत असे आणि शनिवार-रविवारी टाइप करत असे. सहा कॅसेटी सुरळीत पार पडल्या.

त्याच सुमारास आमच्या मंडळाचे दिवाळीचे नाटक बसत होते. दिग्दर्शन पत्नीचे होते. मला सेनापतीची भूमिका मिळाली होती, कारण अंगरखा मलाच बसत होता. वाक्ये चार.

“अहो, शत्रूला दम देताय की बँकेत पासबुक मागताय?” ती तालमीत सगळ्यांसमोर म्हणाली. “शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. पाय फाकून उभे राहा, पोटातून बोला. घरी रेकॉर्ड करून ऐका जरा स्वतःला.”

मी आज्ञाधारकपणे खणातली एक कोरी कॅसेट घेतली आणि तळघरात जाऊन ती चार वाक्ये दोन्ही बाजू भरेपर्यंत ओरडलो. सुरुवातीचा थोडा भाग सोडून रेकॉर्डिंग करायची मला सवय होती. सोमवारी गाडीत जनरलसाहेबांची सातवी कॅसेट लावली. अर्धा मिनिट त्यांचा संथ आवाज आला: “त्या दिवशी सकाळी धुकं होतं...” आणि पाठोपाठ माझा: “खबरदार! एक पाऊल पुढे टाकाल तर...”

सहा कॅसेटींवर मी आकडे लिहिले होते. सातवीवर लिहायचे राहिले होते.

त्यांच्या लेकीला मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, की सातवीत काय होते. ती म्हणाली, “पहिल्या मेडलची गोष्ट. आयुष्यात एकदाच बोलले त्याबद्दल, तेही मला खोलीबाहेर पाठवून.”

त्याच क्षणी सांगायला हवे होते. मी त्याऐवजी लिहायला बसलो. युद्धाचा माझा सारा अनुभव म्हणजे पुण्याजवळच्या ओढ्याकाठी कॉलेजात असताना केलेला एनसीसीचा कॅम्प. तिथे सामान वाहणारे एक खेचर ओढ्याच्या मधोमध थांबले होते, आणि आचाऱ्याने त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधून, गुळाचा खडा दाखवत, स्वतः उलटे चालत ते पार नेले होते. मी आचाऱ्याच्या जागी लेफ्टनंट घातला, ओढ्याची नदी केली, खेचरावर दारूगोळा लादला आणि पलीकडून गोळीबार सुरू केला. गूळ तसाच ठेवला. तो मला फार पटला होता.

जनरलसाहेबांनी ते पान वाचले, पुन्हा वाचले, आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, “थँक यू, सुभेदार.” दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या मुरंब्याची बरणी आमच्या दाराशी आली. पुढे प्रत्येक नाताळात येत राहिली. तो मुरंबा माझ्या घशाखाली कधी सुखाने उतरला नाही. पत्नीला मात्र तो आवडे.

पुस्तकाच्या स्पायरल बाइंडिंगच्या वीस प्रती निघाल्या. पत्नीने एक वाचली.

“काय हो,” ती म्हणाली, “तुमचं खेचर ब्रह्मदेशात कसं गेलं?”

मी तिच्या हातातली प्रत घेऊन मिटली.

“जाऊन सांगा त्यांना.”

मी गेलो नाही. लेकीने कॅसेटी मागितल्या तेव्हा सहा परत केल्या. सातवी मशीनमध्ये अडकली आहे, असे सांगितले. चार वर्षे ती अडकलेलीच राहिली.

मग २००७ च्या हिवाळ्यात तिचा फोन आला. “डॅड सातवी कॅसेट मागताहेत. सारखी तीच. अडकलेली असली तर मशीनसकट घेऊन या.”

जनरलसाहेब खिडकीपाशी पांघरूण घेऊन बसले होते. फारच वाळले होते. लेक स्वयंपाकघरात गेल्यावर ते म्हणाले, “सुभेदार, माझ्याकडे खेचर नव्हतं.”

मी मान हलवली.

“तू ते का घातलंस, ते कळलं मला. माझी लाज झाकलीस. चांगला सुभेदार हेच करतो. ते पदक माझ्या हवालदाराचं. मी घोटा मोडून खड्ड्यात पडलो होतो. मशीनगन त्याने बंद पाडली आणि परत येताना मला पाठीवर घेतलं. कागदावर नाव माझं गेलं. मी एकदाच खरं बोललो, त्या फितीत. आणि आता,” त्यांनी कपाळाला हात लावला, “त्याचं नाव आठवत नाही. तो आठवतो, मिशी आठवते. नाव नाही. तेवढं ऐकव.”

मी सोबत आणलेल्या मशीनवर कॅसेट लावली. धुके आले. मग मी आलो. जनरलसाहेब कानामागे हात धरून लक्षपूर्वक ऐकत राहिले.

“हा कोण अधिकारी?”

“मी,” मी खुणेने सांगितले.

“काय म्हणतोय?”

“शत्रूला थांबायला सांगतोय.” हे त्यांच्या कानाशी वाकून.

“थांबतो का?”

“नाही. तिसऱ्या मिनिटाला मला मारतो.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “उगाच फार ओरडतोय हा. नाव याच्यानंतर आहे का?”

मी पुन्हा वाकलो आणि सगळे सांगितले: खण, तळघर, न लिहिलेला आकडा, खेचर. सांगताना माझा आवाज आणखी आणखी खाली गेला.

“ऐकू येत नाही, सुभेदार. मोठ्याने.”

मी उठलो. पाय फाकले. आणि नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत कधीही न पोचलेल्या आवाजात, स्वयंपाकघरातले भांडे वाजायचे थांबले इतक्या मोठ्याने, पोटातून म्हणालो:

“जनरलसाहेब, ते नाव मी पुसलं. मी ते ऐकलंसुद्धा नव्हतं. तुमची लाज मी झाकली नाही, माझी झाकली. तुमची आणि त्या हवालदाराची मी क्षमा मागतो.”