सातव्या होलचा उंचवटा

ओंगसाहेब आमच्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनपुढे उकिडवे बसले होते आणि सातव्या होलच्या एका उंचवट्याकडे जुना वैरी भेटल्यासारखे बघत होते. "हाच तो," ते म्हणाले. "ह्यानेच माझी मॅच घालवली." माझे बॉस फिलिप मागे उभे राहून खूश होत होते. आमचं काम किती अचूक आहे हे क्लायंट स्वतःच्या तोंडाने सांगत होता. तेवढ्यात माझा ज्युनियर नीलेश माझ्या कानाशी आला.

"वर्षाताई, तो उंचवटा नाहीये. ती मेंढी आहे."

मी त्याला गप्प बस म्हटलं. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या त्या ऑफिसात मराठी फक्त आम्हा दोघांना येते, ही एक मोठी सोय आहे.

मी सर्व्हेयर आहे. पूर्वी रस्त्यांची मापं घ्यायचे, आता गोल्फ सिम्युलेटरसाठी घेते. सिम्युलेटर म्हणजे एक एसी खोली आणि समोर पडदा. खरा चेंडू पडद्यावर हाणायचा, तो पुढे कुठे गेला असता ते कॉम्प्युटर दाखवतो. पडद्यावर जगातलं कुठलंही मैदान आणता येतं. फक्त कुणीतरी तिथे जाऊन ते मोजून आणावं लागतं.

ओंगसाहेबांना सेरंगूनच्या आपल्या हॉलमध्ये स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या बेटावरचं मैदान हवं होतं. तिथे ते एकदाच खेळले होते आणि मेहुण्याकडून हरले होते. मेहुणे ती गोष्ट दर चायनीज न्यू इयरच्या जेवणात सगळ्यांना सांगतात. आता मेहुण्यांचे गुडघे एवढा प्रवास नको म्हणतात, तेव्हा मैदानच सिंगापूरला आणून हिशेब चुकता करायचा, असा बेत होता.

नीलेशचं सगळंच ह्या कामावर अडलं होतं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. प्रोजेक्ट पास झालं तर पर्मनंट, नाही तर नोकरीही नाही आणि सिंगापुरात राहायचा वर्क पासही नाही, असं फिलिपनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि हा पठ्ठ्या बिशानला फ्लॅट भाड्याने घेऊन, नवा फ्रिज आणून, बायकोला बोलावून मोकळा झाला होता.

मैदान मोजायला आम्ही दोघंच गेलो होतो. समुद्र आणि शेतं यांच्यामधली वाळूची, गवताळ, वेडीवाकडी पट्टी म्हणजे लिंक्स. गोल्फ म्हणे अशाच जमिनीवर सुरू झाला. हे मैदान फार जुनं, मध्यंतरी विसरलेलं, गवताखाली गेलेलं. गावातल्याच लोकांनी जुन्या खुणा शोधून फावड्यांनी ते पुन्हा मोकळं केलं. गवत कापायचं बरंचसं काम तिथे मेंढ्या करतात. मैदान मर्डो नावाचे आजोबा सांभाळतात. त्यांनी आमच्याकडे बघून एवढंच विचारलं, की ह्याहून जाड जॅकेट आणलंय का. नव्हतं आणलं. पण मला ती जागा मनापासून आवडली. इतकं मोठं आकाश बघायची माझी सवयच गेली होती.

लेझर स्कॅनर तिपाईवर ठेवून गोल फिरवला की आजूबाजूचा प्रत्येक खड्डा-उंचवटा नोंदला जातो. वाऱ्याने तिपाई पडू नये म्हणून नीलेश तिचे पाय धरून बसायचा, आणि नीलेश उडू नये म्हणून त्याच्या पाठीवर दगड भरलेली सॅक. एकच जागा आम्ही तीन दिवस स्कॅन करायचो. माणसं, पक्षी, मेंढ्या आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे सॉफ्टवेअर त्यांना गाळून टाकतं. जे तिन्ही दिवस जागचं हललं नाही, ती जमीन. नीलेशने फोटोतले रंग ह्या जमिनीवर चढवले, तेव्हा कुठे त्याला उंचवट्याचे कान दिसले होते.

मी फिलिपना पॅन्ट्रीत नेऊन सगळं सांगितलं.

"हिरवा रंग दे, कान काप," ते आपल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले. "कोणाला कळणार, लाह?"

मर्डोंना कळणार होतं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मॉडेल बघून होकार दिल्याशिवाय ते वापरायचं नाही, ही क्लबची अट होती, आणि तो कॉल थोड्याच वेळात होता. मग काढूनच टाक, असं फिलिप म्हणाले. तर बाहेर ओंगसाहेबांनी उंचवट्याचा फोटो मेहुण्यांना पाठवूनही टाकला होता.

"मी सांगून टाकतो, ताई," नीलेश म्हणाला. "फ्रिजला गिऱ्हाईक मिळेल." आणि त्याने खरंच जाऊन सांगितलं. मला त्याचा अभिमान वाटला.

ओंगसाहेबांना काही ते पटेना. त्या दिवशी पाऊस होता, चष्म्यातून धड दिसत नव्हतं, हे त्यांना मान्य होतं. पण चेंडू अडल्यावर त्यांनी दोन फटके मारले होते आणि दोन्ही वेळा तो परत पायाशी आला होता. मेंढी असती तर पळाली नसती का?

मर्डो स्क्रीनवर आले. त्यांनी उंचवटा पाहिला आणि त्यांचा चेहरा एकदम मवाळ झाला. ही त्यांची मोरॅग. तिथे वारा लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथेच बसते. लोकर दाट, स्वभाव जड, चेंडूबिंडू तिच्या खिजगणतीत नाहीत. तिला काढलं तर होकार विसरा. तिच्याशी अडलेला चेंडू फुकटात, म्हणजे फटका न मोजता, उचलून बाजूला ठेवावा, असा क्लबचा नियमच आहे आणि तो दारावर लिहिलाय.

"मला हे कोणी सांगितलं नाही," ओंगसाहेब म्हणाले.

"तुमच्याबरोबरच्या गृहस्थांनी वाचला होता की. मला त्याचा अर्थही विचारला होता. सिंगापूरहून आजवर तुम्ही दोघंच आलात, म्हणून लक्षात आहे."

ओंगसाहेबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग त्यांनी हुकूम सोडला: मेंढी राहील, लोकरीसकट. ती मान हलवेल, बें करेल, पण उठणार नाही. हे सगळं कोण करणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा फिलिपनी नीलेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि "आमचा पर्मनंट माणूस" म्हणून त्याची ओळख करून दिली.

मॅचला आम्हालाही बोलावणं होतं. सातव्या होलवर मेहुण्यांचा चेंडू गडगडत गेला आणि मोरॅगला टेकला. मेहुणे सहज बोलून गेले, "हा तर फुकट उचलता येतो."

"असं?" ओंगसाहेब म्हणाले. "कुठे लिहिलंय?"

मेहुण्यांनी चेंडू पुन्हा समोर मांडला. मग ते निमूटपणे फटके मारत राहिले. मोरॅग बें करत राहिली.

मी मात्र आता मोजलेल्या मैदानातून काहीही काढण्याआधी तिथल्या माणसाला एक फोन करते.