महिपतने हात धरला नाही

माझा भाऊ महिपत हट्टी आहे, हे मला कोणी सांगायला नको. माझ्याच कडेवर वाढलाय तो. पण चौऱ्याऐंशीच्या शिमग्यात वाडीतली पोरं त्याला म्हातारा म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. चाळिशीचा गडी काय म्हातारा होतो?

महिपत कबड्डीत कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात सापडला की गडी गेलाच. लहानपणी सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळावर, शेरडं राखायचा. पळतं शेरडू मागच्या पायाला धरायचं, हीच त्याची शाळा. तेव्हा कबड्डीला हुतूतू म्हणायचे. छातीत दम भरून गडी अंगावर यायचा आणि एकट्याने एकट्याला धरायचं.

त्या शिमग्याला भागोजीचा रघू मुंबईहून आला. तिथे कारखान्याच्या संघात खेळायचा, म्हणून पोरांनी त्यालाच कप्तान केलं.

"काका, आता कोण अंगावर येत नाही," तो महिपतला म्हणाला. "बोट लावतात नि पळतात. दोघादोघांनी हात धरून साखळी करायची. एकट्याची पकड संपली."

"हात धरायला मी काय वरातीत आलोय?"

झालं! गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाने पाठवलेल्या सात जर्स्या सात पोरांना गेल्या आणि महिपतला बदली म्हणून बाहेर बसवला. मी म्हटलं, "घरी चल. एवढा अपमान कशाला सोसतोस?"

"बाय, घरी गेलो तर त्यांचंच खरं होईल," तो म्हणाला आणि मैदानाकडेच्या मळ्याच्या बांधावर ठाण मांडून बसला.

सामना पलीकडच्या गावाशी होता. खोटं कशाला बोलू, साखळी आधी झकास चालली. पण त्यांचा शिवा भारी चलाख. जिथे दोघांचे हात जुळलेले, तिथेच घुसायचा, दोघांना शिवून परत. हात एकमेकांत अडकलेले, धरणार कशाने? पहिला बाद झाला रघू. मग विठूचा गुडघा मुरगळला नि त्याची जर्सी घालून महिपत आत गेला. बाकीचे एकेक करून बाहेर आले. शेवटी मैदानात उरला माझा भाऊ, एकटा. तो बाद झाला असता तर अख्ख्या संघावर लोण चढलं असतं, आणि खापर कोणाच्या डोक्यावर फुटलं असतं ते मला ठाऊक होतं.

शिवा कबड्डी कबड्डी करत आला. बाहेरून रघू ओरडला, "काका, मागे राहा! अंगाला लागू देऊ नका!"

"गप बस रे मेल्या!" मी त्याच्यावर ओरडले.

शिवाने मागे लाथ फेकली आणि महिपतने तोच घोटा धरला. शिवाने त्याला फरफटत रेषेजवळ नेलं. कोपरं सोलली, तोंडात माती गेली, पण पंजा सुटला नाही. रेषेला वीतभर अंतर उरलं असताना शिवाचा दम तुटला.

एक गडी बाद केला की आपला एक परत आत येतो, जो पहिला बाद झाला तो. रघू मान खाली घालून आत आला आणि सवयीने हात पुढे केला.

"हात मोकळा ठेव," महिपत म्हणाला. "लागेल."

सामना दोन गुणांनी हरलो. मी लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर या कप्तानसाहेबांची शेरडामागे धावून धावून दमछाक झाली होती, आणि विठूची जर्सी अजून अंगातच असलेला महिपत दगडावर बसून ओरडत होता, "मागचा पाय, रघू! मागचा!"