ऑर्फा टटलच्या गोधडीतलं मधलं ठिगळ

ऑर्फा टटल आमच्या दुकानावरच्या खोलीत राहायची आणि गावाचं शिवणकाम करायची. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, एक माझी सोडून. "ड्रुसिला," ती म्हणाली, "शर्टच शिवायचे तर दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे शिवते. पैसे तरी मिळतात."

त्या वर्षांत आमच्या व्हरमाँटमधल्या बायांनी वेड्या गोधड्यांचा ध्यास घेतला होता. वेडी म्हणजे तुकड्यांना ना माप ना रांग. जो तुकडा हाती येईल तो मांजरपाटावर बसवायचा आणि प्रत्येक जोडावर रेशमी दोऱ्यानं भरत भरायचं. तुकडे रेशमाचे, मखमलीचे, साटिनचे. सुती कापडाला तिथं मज्जाव. ही गोधडी कुणी पांघरत नाही, बैठकीतल्या सोफ्यावर पसरायची आणि पाहुण्यांनी "अगं बाई!" म्हणायचं, एवढंच तिचं काम. त्यापायी मी माझ्या हायरमच्या रविवारच्या हॅटचं रेशमी अस्तर कापलं. चर्चमध्ये त्यानं हॅट काढली तेव्हा कपाळावर लाल वळ उठला होता. अजून तो त्यावरून मला टोमणे मारतो.

आमच्या सगळ्यांच्या गोधड्या अर्ध्यावर राहिल्या. ऑर्फाची पुरी झाली. तुकडा विकत घ्यायचा नाही, मागायचा, असा रिवाज होता, आणि ऑर्फा दारोदार जाऊन मागायची. कुणाच्या लग्नाच्या झग्याचा काठ, कुणाच्या युद्धात गेलेल्या भावाचा गळपट्टा. तिचं स्वतःचं रेशीम आयुष्यात कधी नव्हतंच. मात्र जोडावरचा टाका बघावा तर तिचाच. एका जोडावर मच्छी टाका, पुढच्यावर पिसासारखा, त्यापुढे गव्हाची लोंबी. एका कोपऱ्यात आमच्याकडे शुभ मानतात ते कोळ्याचं जाळं भरलेलं होतं, त्यातला कोळी इतका खरा की मी एकदा जोडा उचलला होता. सारखा टाका दोनदा सापडेना. मी शोधायची, चिडायची आणि परत शोधायची.

गोधडीच्या मधोमध निळी केसांची रिबन होती. ती हुल्दा पीजच्या लेटीची. हुल्दा म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनसाहेबांची बायको, गावातली सर्वांत तिखट जीभ. लेटी नऊ वर्षांची असताना घटसर्पानं गेली. हुल्दाला रडताना कुणी पाहिलं नाही. पण ऑर्फानं तुकडा मागितला तेव्हा तिनं ही रिबन काढून दिली. ऑर्फानं तिच्यावर बारीक गाठीच्या टाक्यानं लेटीचं नाव भरलं आणि भोवती रानटी स्ट्रॉबेरीची वेल काढली, कारण पोरीचे ओठ उन्हाळाभर त्याच फळांनी लाल असायचे. त्यानंतर दर रविवारी प्रार्थना संपली की हुल्दा आमचा जिना चढायची. गुडघ्यांना शिव्या घालायची, हवेबद्दल काहीतरी बोलायची, त्या रिबनवर तळवा ठेवायची आणि निघून जायची.

मग ऑर्फाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारू लागली. लोकांच्या झग्यांचे काठ वाकडे यायला लागले, कामं कमी झाली. आमच्याकडे असं झालं की मार्चच्या ग्रामसभेत नाव निघतं आणि माणूस गरीबघरात जातं. तिथं गावाच्या खर्चानं जेवण मिळतं आणि गाव त्याची आठवण मरेपर्यंत करून देतं. मी तिला म्हटलं, "वर राहा, भाडं नको." ती म्हणाली, "फुकटचं अंथरूण मला टोचतं." असली हट्टी बाई.

त्याच उन्हाळ्यात बोस्टनची मिसेस लॉरिंग हॉटेलात उतरली होती. ती बटणं घ्यायला दुकानात आली, वर गोधडी बघायला गेली आणि खाली आली ती पैशाचं बोलतच. दोनशे डॉलर! हायरमच्या हातून साखरेचा डबा निसटला. तेवढ्या पैशांत ऑर्फाचं म्हातारपण आमच्या वरच्या खोलीत ताठ मानेनं निभलं असतं.

"मिस टटल, ही सगळीच सुंदर आहे," मिसेस लॉरिंग म्हणाली, "पण खरी किंमत त्या मधल्या निळ्या तुकड्याची. असं भरतकाम मी दुसरं पाहिलेलं नाही. शनिवारी न्यायला येते."

मी नाचायचीच बाकी होते. ऑर्फा मात्र डोक्याला बॉनेट बांधून निघाली. "तुकडे त्यांचे आहेत. विचारायला नको?"

सगळ्यांनी "वीक बाई, वीक" म्हटलं. हुल्दाकडे मी बरोबर गेले होते. ती कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"दिलं ते दिलं. वीक."

"मिसेस पीज, तुमचं मन नसेल तर..."

"माझं मन माझ्यापाशी राहू दे. दार लावून जा, माश्या येतात."

बुधवारी हुल्दा जिना चढून आली. बुधवारी! गुडघ्यांबद्दल बोलली नाही, हवेबद्दल बोलली नाही. रिबनवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि उतरून गेली. खाली दुकानातून जाताना तिनं मला ओळखही दाखवली नाही.

मी वर गेले तर ऑर्फाच्या हातात बारीक कात्री. गोधडीला नाक लावून ती रिबनच्या कडेचे टाके उसवत होती.

"अगं, अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडले. "त्यातच तर पैसे आहेत! आणि ती स्वतःच्या तोंडानं वीक म्हणाली!"

"तोंडानं म्हणाली," ऑर्फा म्हणाली. "सरक, उजेड अडवू नकोस."

मला भयंकर राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. रिबन तिनं पाकिटात घालून हुल्दाच्या दाराखालून सरकवली. गोधडीच्या मधोमध मांजरपाट उघडा पडला होता, आणि गावात कुणाकडे आणखी रेशीम मागायला ती तयार नव्हती. शेवटी तिनं स्वतःच्या एप्रनचा कोपरा कापला. धुऊन विटलेलं तपकिरी छापील सूत. ते मधोमध बसवलं आणि चाचपत चाचपत त्यावर स्वतःचं नाव भरलं. अक्षरं वाकडी आली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की एवढ्या वर्षांत त्या गोधडीत टाके सोडले तर तिचं असं काहीच नव्हतं.

शनिवारी मिसेस लॉरिंगचा चेहरा उतरला. "इथं सुती चिंधी? मिस टटल, तुम्हीच हिची किंमत घालवलीत." ती सत्तरवर आली. हायरम म्हणाला, बाईचं काही चुकलं नाही, मालात खोट असली की भाव पडतो. दुकानदाराची बायको असून त्या दिवशी मला दुकानदार नवरा नकोसा झाला.

सत्तर डॉलर बर्लिंग्टनच्या डोळ्यांच्या डॉक्टरात आणि त्या हिवाळ्याच्या लाकडांत गेले. नजर परतली नाही. मार्च उजाडला.

ग्रामसभेत बायकांना मत नाही, बोलायची मुभा नाही. आम्ही पलीकडच्या स्वयंपाकघरात दुपारचं जेवण वाढायचं. ऑर्फा आमच्यातच होती, तोच कोपरा कापलेला एप्रन बांधून पाव कापत होती. दार उघडं होतं. सभा चालवणाऱ्या डीकनसाहेबांनी खाकरून कागद उचलला आणि तिचं नाव वाचलं. ऑर्फाची सुरी थांबली. आम्ही सगळ्या पावाकडे बघत राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हुल्दानं चुलीवरून बीन्सचं भलंमोठं भांडं उचललं, सभेत शिरली आणि ते नवऱ्याच्या पुढ्यात त्या कागदावर दाणकन ठेवलं.

"हे नाव खोडा. ऑर्फा टटल लेटीच्या खोलीत राहणार आहे."

पुरुषांनी आ वासले. ऑर्फा दारापर्यंत गेली. तिची मान ताठ होती.

"मिसेस पीज, मला विचारलंत का?"

हुल्दा वळली. तिचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"रिबन परत देताना तू मला विचारलं होतंस?"

ऑर्फा चाचपत पुढे गेली, तिनं एप्रननं भांड्याचा एक कान धरला, हुल्दानं दुसरा धरला, आणि दोघी पुरुषांना वाढायला लागल्या.