दातांत धरलेली नळी

"कान गेलेत, दात शाबूत आहेत," असं जमील शेख कारखान्याच्या डॉक्टरला म्हणाला होता.

सातपूरच्या त्या कारखान्यात चौदा वर्षं त्याने बंद खोलीत इंजिनं तपासली. कान तिथेच संपले. १९९६ साली 'कामास अयोग्य' असा कागद हातात आला. शकीला, त्याची बायको, म्हणाली, "जपून ठेवा." त्याने त्या कागदाने तेल मोजायची डिपस्टिक पुसली.

मग नाशकातच द्वारका चौकाजवळ सुनीलशेठच्या गॅरेजात लागला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि त्याची मूठ दातांत धरायचा. आवाज हाडातून चढायचा. गिऱ्हाइकं हसायची. हसणं त्याला दिसायचं.

२००३ मध्ये मयूर नावाच्या द्राक्षबागायतदाराने टर्बोची परदेशी गाडी आणली. रविवारी शर्यत होती. वेग वाढावा म्हणून त्याने स्वतःच डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी आधी पडेल असं केलं होतं.

जमीलने तांब्याची नळी इंजिनाला बोल्टने आवळली, दुसरं टोक गाडीत ओढलं आणि मयूरच्या शेजारी बसून दातांत धरलं. वणीचा घाट चढताना गाडीने जोर धरला तशी हिरडीत नॉकिंगची खडी वाजू लागली. त्याने हात वर केला. मयूर थांबला नाही. त्याच्या शाबूत कानांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"ठिणगी चार डिग्री मागे घ्यायला लागेल," गॅरेजात परतल्यावर जमील म्हणाला. "टर्बो हवा दाबून भरतो, मयूरभाऊ. त्यात ठिणगीने घाई केली, तर पिस्टन वर येतानाच आग त्याच्या डोक्यात हातोडा घालते. भोक पडेल."

"मग पिकअप कुठून आणू? शेठ, बहिऱ्या माणसाकडून नॉकिंग ऐकवताय मला?"

सुनीलशेठ जमीलच्या कानाशी ओरडला.

"ओरडू नका. तोंड दिसू द्या."

शेठ समोर आला. "ते म्हणतात तसं राहू द्या. नाही तर उद्यापासून येऊ नका."

"इंजिन फुटायचं तर फुटेल, पण माझ्या हातून नाही फुटणार."

जमीलने एक स्पार्क प्लग काढला आणि मयूरच्या तळहातावर ठेवला. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी ठिपके होते, मोहरीहून बारीक. वितळलेल्या पिस्टनचे.

मयूरने नखाने एक ठिपका खरवडून पाहिला. "लावा तुमच्या हिशेबाने," तो म्हणाला.

सुनीलशेठ हसला. "आधीच प्लग दाखवायचा ना, जमीलभाई! मग कोण नाही म्हणालं असतं?"

त्याचे ओठ मिटेपर्यंत जमील बघत होता. मग त्याने प्लग बसवला, इंजिन चालू केलं, ठिणगीसरशी लुकलुकणारा टायमिंग लाइट पुलीवरच्या खुणेवर धरला. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. खूण चार डिग्री मागे आली. बोल्ट आवळून त्यावर रंगाची पांढरी रेघ ओढली, पुन्हा कोणी फिरवला तर दिसावं म्हणून.

"उद्या लवकर या," शेठ म्हणाला.

जमीलने नळी सोडवली, बाहीला पुसली, काखेत घेतली. आणि शेठच्या ओठांकडे पुन्हा न बघता बाहेर पडला.