रडारचा बिघडलेला भाग

दातिवऱ्याला मी पहिल्यांदा एका मासेमारी बोटीचं रडार दुरुस्त करायला गेले, ती नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. बोट भरतीला निघायची होती. रडारचा पडदा पेटलेला, पण कोरा. ना किनारा, ना बोटी. बोट चालवणारे तांडेलकाका म्हणाले, "पोरी, भरतीच्या आत जमला तं ठीक. नाय तं पुढं मुंबईचा मानूस बोलवीन." बोईसरचं माझं दुकान नवीन होतं. हे गाव गेलं की सगळा किनारा गेला, हे मला कळत होतं.

मी तोऱ्यात डोलकाठीवर चढले. अँटेना खोलला, वायरी तपासल्या. दोन तास गेले आणि सगळं ठणठणीत!

"झालाय काय?" काकांनी खालून विचारलं.

उतरले. शेजारी दोन बोटींची इंजिनं धडधडत होती. म्हटलं, "काका, दोन इंजिनांचा वेग जवळपास सारखा असला की मधेच संथ घुमणं ऐकू येतं ना? तसंच हे. बोटीवर आपटून परत आलेली रडारची लहर इतक्या वेगानं थरथरते की यंत्राला पेलवत नाही. म्हणून आत त्याचं स्वतःचं छोटं इंजिन असतं, लोकल ऑसिलेटर. दोघांच्या वेगातला फरक तेवढा यंत्र ऐकतं. आतल्याचा वेग सरकला, की पडदा..."

तो वेग जुळवायचं बटण पडद्याखालीच होतं आणि मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

काका चहा आणायला गेले. मी बटण जरासं फिरवलं आणि किनारा उमटला. मागे काकी उभ्या होत्या.

"बटनावरचा पूजेचा कुंकू मीच वल्ल्या फडक्यानं पुसला, तवाच ता फिरला असंल," त्या कुजबुजल्या. "त्यांना सांगू नको."

"माझे दोन तास तुम्हीही सांगू नका."

काका आले तेव्हा मी उगाच स्क्रू आवळत होते. "बिघडलेला भाग दाखव," ते म्हणाले. मी पिशवीतला एक जळका फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला. लाज वाटली, पण ठेवला. काकांनी तो केबिनमधल्या देवापाशी ठेवला आणि बोट वेळेवर सुटली.

तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला मला बोलावणं असतं. काका फ्यूज सगळ्यांना दाखवतात. काकी मान खाली घालून त्याला कुंकू लावतात.

यंदा काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, फ्यूज जळला असता तं पडदा पेटला असता काय?"

मी विचारलं, "मग इतकी वर्षं देवापाशी कशाला ठेवलात?"

"कुंकू लावताना तुझ्या काकीचा तोंड बघ," काका म्हणाले.