पालथा हात
तुळस आणि कापूर घातलेल्या तीर्थाचा वास आला की मला कल्याणचं आमच्या आळीतलं रामाचं देऊळ आठवतं. पन्नास-एक्कावन्नचा सुमार असेल, मी अठरा वर्षांचा होतो. तळ्याच्या पायऱ्यांवर घसरून माझं उजवं कोपर आणि त्याखालची दोन्ही हाडं मोडली होती. मुंबईला ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, पण हात पालथाच राहिला, उताणा होईना. वर्षभरात वळेल तेवढाच, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि त्यातले आठ महिने सरले होते. व्यायाम मी कंटाळून सोडलेले, तरी आई रोज सकाळी देवळात पाठवायचीच. पुजारीबुवा पळीभर तीर्थ देत आणि ते माझ्या तिरक्या तळव्यावरून ओघळून जाई. मी डाव्या हाताने उजवा वळवू लागलो की ते खेकसत, "ढकलू नकोस रे त्याला, आपणहून वळू दे!" तीर्थ जमिनीवर पडू नये म्हणून ते माझ्या हाताखाली आपला तळवा धरत आणि ओघळलेलं तीर्थ स्वतःच्या डोळ्यांना लावत. मला त्याची इतकी लाज वाटे, की घरी येऊन मी पुन्हा हात वळवत बसू लागलो. पावसाळा सरल्यावर एका सकाळी त्यांनी तीर्थ दिलं, खाली तळवा धरला आणि तसेच थांबून राहिले. "आज माझ्यासाठी थेंबही ठेवला नाहीस की रे," ते म्हणाले, आणि कोरडाच हात त्यांनी डोळ्यांना लावला. माझा हात आजही पुरता उताणा होत नाही, पळीभर पाणी राहील एवढाच होतो. आणि तीर्थ घेताना मी अजून आधी खाली बघतो, कुणाचा हात आहे का.