किल्ल्यापर्यंत गाडी कोणी नेली

मला गाडी चालवता येत नाही. बायको सोडली तर हे आजवर कोणालाच ठाऊक नाही. बहारीनमध्ये लायसन्सच्या टेस्टला मी पुन्हा पुन्हा बसलो आणि दर वेळी राउंडअबाऊटवर, त्या गोल चौकात, नापास झालो. आत शिरायचो, पण बाहेर पडायची हिंमत व्हायची नाही. बायको पहिल्याच खेपेला पास झाली. सलमानियाच्या इस्पितळात नर्स होती, शिफ्टला स्वतः गाडी घेऊन जायची. वसईला रजेवर गेलो की मी मात्र हवेत गिअर टाकून दाखवत 'माझी गाडी, माझी गाडी' करायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बाबा आमच्याकडे बहारीनला, हूऱ्याच्या घरी आले. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमधून खेळत ते वाढलेले. इथेही पोर्तुगिजांचा किल्ला आहे म्हटल्यावर हटूनच बसले. "आपलेवाले इथवर आले होते? मग दाखव की मला."

इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्साही शुक्रवारी. ती आटोपून आम्ही चर्चमधूनच निघालो. बाबा, आम्ही दोघं आणि धाकटी मुलगी. सूनबाई स्टीअरिंगला बसलेली बघून बाबा थबकले.

"चष्म्याचा नंबर बदललाय," मी म्हटलं. "नवा यायचाय अजून."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी सुरू केली.

काय सुरेख चालवायची ती! समुद्रातल्या रस्त्याने मुहर्रक बेटावर, तिथे अरादचा किल्ला, मग मागे फिरून आली नावाच्या गावच्या टेकाडांपर्यंत. हजारो वर्षांपूर्वीची थडगी ती, नजर पोचेल तिथवर वाळूचे उंचवटे. बाबांनी क्रूसाची खूण केली. प्रत्येक राउंडअबाऊट ती बोलता बोलता पार करत होती आणि मी पाय आवळून बसलो होतो.

पोर्तुगीज किल्ल्याची वाट मात्र चुकली. अरबी मला येतं असा माझा तोरा, म्हणून एका दुकानासमोर मीच उतरलो. किल्ल्याला काय म्हणतात ते आठवेना, तेव्हा नुसतंच "बुर्तुगाल, बुर्तुगाल" करत राहिलो. दुकानदाराने हसून पिशवीभर संत्री आणून दिली.

"अहो, बुर्तुगाल म्हणजे संत्रं!" ती हसून हसून वाकली.

मुलीने डोळे विस्फारले. "पप्पा, इज इट मेड ऑफ ऑरेंजेस?"

मग खजुराच्या बागेशी बसलेल्या एका म्हातारीला तिने विचारलं. वॉर्डात पेशंटशी बोलून शिकलेलं अरबी, दोनच वाक्यं. म्हातारीने हात धरून वाट दाखवली.

शेवटच्या कच्च्या वाटेवर चाक वाळूत रुतलं. बाबा लगेच म्हणाले, "बाय, तू उतर. त्याला बसू दे आता. पुरुषाचा हात लागतो अशा वेळी."

मी उगाच डोळे चोळू लागलो. तीच म्हणाली, "बाबा, चष्म्याशिवाय ह्यांना वाळू काय नि रस्ता काय, सारखंच. तुम्ही दोघं ढकला बघू. यल्ला, चला!"

तिने झावळ्या गोळा केल्या, चाकाखाली घातल्या आणि हलक्या पायाने गाडी बाहेर काढली.

किल्ला उन्हात भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा होता. पायथ्याशी खणलेले खड्डे, त्यांत त्याहून कितीतरी जुन्या नगरांच्या भिंती, एकावर एक. बाबा तटाच्या दगडांवर हात फिरवत राहिले. "आपल्या किल्ल्यासारखाच समुद्राकडे तोंड करून बसलाय," म्हणाले. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं. मग माझ्या खांद्यावर थाप मारली. "आज तू चालवत असतास तर गाडी रुतलीच नसती, काय?"

ती दोन हातांच्या अंतरावर, मुलीला संत्रं सोलून देत होती.

"हो, बहुतेक," मी म्हणालो.

तिचे हात क्षणभर थांबले. पुन्हा सोलू लागली. परतीच्या वाटेवर ती बाबांशी नेहमीसारखीच बोलत होती, माझ्याशीही. त्या दोन शब्दांबद्दल तिने पुढे कधी अवाक्षर काढलं नाही.

बाबांनी वसईत सणासुदीला, लग्नांत, तो किल्ला शंभरदा सांगितला. सांगता सांगता त्यांच्या गोष्टीत गाडी मीच चालवू लागलो. ती तिथेच बसलेली असायची, ऐकून हसायची. मीही हसायचो.

बाबा आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. पण तो किस्सा ऐकलेली माणसं आहेत. त्यांना गोळा करून, तिच्यासमोर, बाबांना किल्ला तिने दाखवला एवढं मला सांगायचं आहे. आणि त्या 'हो, बहुतेक'बद्दल तिची माफी मागायची आहे. दोन्हींपैकी काहीच मी अजून केलेलं नाही.